वाचकांचे प्रश्न: गावरस्त्याची डागडुजी

प्रश्न : आमचा मुरमाचा रस्ता गावकरी मिळून दरवर्षी बुजवतात. दोन-तीन महिन्यांत खड्डे पुन्हा त्याच जागी पडतात. मुरूम बदलावा का?

उत्तर : मुरूम बदलण्याआधी भर पावसात छत्री घेऊन रस्त्यावरून एक चक्कर मारा. पाणी कुठे थांबतं, कुठून आडवं जातं, ते कागदावर मांडा. खड्डा त्याच जागी पडतो, कारण पाणी त्याच जागी साचतं.

रस्त्याचा मध्य कडेपेक्षा उंच हवा. 5 मीटर रुंदीच्या रस्त्याला ही उंची 13 ते 17 सेंमी लागते. कमी ठेवली तर पाणी मुरतं. फार वाढवली तर सगळ्या गाड्या मधूनच धावतात, चाकोऱ्या पडतात आणि पाणी चाकोरीतूनच वाहू लागतं. नुसत्या नजरेने हा ढाळ साधत नाही. 2 मीटर लांबीची सरळ फळी घ्या आणि तिच्या एका टोकाला खालून 12 सेंमीचा पाय ठोका. पायाचं टोक रस्त्याच्या कडेकडे, दुसरं मध्याकडे ठेवून वर पाणसळ ठेवा. बुडबुडा मधोमध आला की ढाळ बरोबर.

कडेला गवत-मातीचा वरंबा तयार झाला असेल तर तो आधी छाटा, नाहीतर मधला उंचवटा असूनही पाणी गटारापर्यंत पोचत नाही. गटारातला गाळ मात्र रस्त्यावर टाकू नका. हे सर्रास होतं. गाळ बारीक असतो, पहिल्याच सरीत त्याचा चिखल होतो.

मग खड्डा. आतलं पाणी, चिखल काढा. कडा चौकोनी, उभ्या कापा, कारण बशीसारख्या उथळ खड्ड्यातला मुरूम चाकाने उडतो. मुरूम किंचित ओला हवा : मूठ आवळल्यावर गोळा टिकावा, पण तळहाताला पाणी लागू नये. दहा-दहा सेंमीचे थर घालून प्रत्येक थर धुम्मसने (दांड्याच्या जड ठोकळ्याने) ठोका. शेवटचा थर ठोकल्यावरही रस्त्यापेक्षा 2-3 सेंमी वर राहू द्या. रहदारीखाली तो बसतो. एकदम घमेली ओतून वरूनच ठोकलं की तळ पोकळ राहतो.

प्रश्न : चढावर बाजूचं गटार दरवर्षी खोल होत चाललंय, रस्त्याची कड ढासळते. सिमेंट करावं का?

उत्तर : सगळीकडे नको. 4 टक्क्यांहून जास्त उतारावर गटारात दगडांचे छोटे आडबांध घाला. 5 टक्के उताराला साधारण दर 20 मीटरवर एक, 10 टक्क्यांना 5-6 मीटरवर. बांधाची दोन्ही टोकं काठात रोवा, मधला भाग खोलगट ठेवा आणि खालच्या अंगाला जिथे पाणी पडतं तिथे दगड पसरा. माथा सपाट ठेवला तर पाणी बगलेने फुटून रस्त्याचीच कड कापतं. असा बांध नसलेला बरा. शक्य तिथे तिरपे चर काढून गटारातलं पाणी बाहेर सोडा. ज्याच्या शेतात ते जाणार त्याच्याशी आधी बोला, नाहीतर चर बुजवला जाईल.

प्रश्न : ओढ्यालगतच्या पट्ट्यात ट्रॅक्टर रुततात. दगड लांबून आणावा लागतो. मातीच्या पोत्यांचा उपाय खरोखर टिकतो का?

उत्तर : टिकतो, पोती झाकलेली राहिली तर. जपानमधली ही पद्धत केनियातल्या गावरस्त्यांवर गावकऱ्यांनीच वापरली आहे. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यात वाळू किंवा मुरूम भरायचा, चिकणमाती नाही. प्रत्येक पोत्यात माप सारखं हवं, म्हणून एकच बादली ठेवा. तोंड बांधताना वर थोडी सैल जागा सोडा, म्हणजे ठोकल्यावर पोतं चपटं, चौकोनी होतं. वजन आलं की पोतं रुंदावू पाहतं, कापड ताणतं आणि आतली माती आवळली जाते; ताकद येते ती या ताणातून. गच्च भरलेलं गोल पोतं लोळतं.

आधी चिखल काढा, दोन थर रचा, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. त्यावर किमान 5-10 सेंमी मुरूम. हा थर उडाला की उन्हाने पोती कुजतात, म्हणून दर काही आठवड्यांनी पाहणी हवी. पट्ट्यातलं पाणी बाहेर काढलं नाही तर पोतीही वाचवणार नाहीत.

प्रश्न : पैसे मिळाले की काम होतं, नंतर कुणी फिरकत नाही. कायमची व्यवस्था कशी लावायची?

उत्तर : ठरावीक लांबी ठरावीक माणसाकडे द्या. केनियात 1970च्या दशकापासून रस्त्यालगत राहणाऱ्या एकेकाकडे दीड-दोन किलोमीटर सोपवण्याची पद्धत वापरली गेली. फावडं, कुदळ, घमेलं, विळा, धुम्मस, दोरी आणि ढाळ तपासायची ती फळी एवढ्यावर काम भागतं. मजुरी दिवसांवर नको, महिन्याअखेरच्या पाहणीवर द्या : गटार मोकळं, मोरीचं (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेचं) तोंड साफ, 5 सेंमीहून खोल खड्डा नाही. शिकवताना भाषण कमी आणि 100 मीटरचा तुकडा हाताने करून घेणं जास्त.

या माणसाकडून नव्या मुरमाच्या थराची अपेक्षा करू नका. 1 किलोमीटर, 4 मीटर रुंद, 15 सेंमी जाड म्हणजे दाबलेला 600 घनमीटर माल. त्याला गाड्या आणि रोलर लागतात.

प्रश्न : मोरीला 30 सेंमीचा पाइप चालेल का?

उत्तर : नको. तुंबला की साफ करता येत नाही. किमान 60 सेंमीचा टाका.