एकच ४०० क्युबिक इंचाचं इंजिन, मग १९६७ ची पाँटियाक जीटीओ ३३५ हॉर्सपॉवरची आणि फायरबर्ड ३२५ ची कशी?

फरक इंजिनात कमी, पाँटियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या नियमात जास्त. आपली स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट सोडून कुठल्याही गाडीला दर १० पौंड वजनामागे एका हॉर्सपॉवरपेक्षा जास्त द्यायची नाही, असा कंपनीचा दंडक होता. फायरबर्ड जीटीओपेक्षा हलकी, तिथेच पंचाईत. पाँटियाकने तोडगा काढला: कार्बोरेटरच्या (इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण सोडणाऱ्या भागाच्या) लिंकेजवर एक छोटी पट्टी ठेवली, त्यामुळे मागची दोन तोंडं पूर्ण उघडायचीच नाहीत. गाडीमालकाने पट्टी वाकवली की काम फत्ते!

कधी फरक जवळजवळ कागदोपत्रीच असायचा. १९७० चं एलटी-१ इंजिन कॉर्व्हेटमध्ये ३७०, जनरल मोटर्सच्याच कॅमॅरो झेड/२८ मध्ये ३६०. मला तरी यात कॉर्व्हेटचा मान राखण्याचाच भाग जास्त दिसतो.

आणि हो, दोन गाड्यांची वर्षं वेगळी असतील तर आधी मोजमाप कुठलं ते बघा. जुने आकडे ग्रॉस, म्हणजे एअर क्लीनर, सायलेन्सर वगैरे न जोडता टेस्ट बेंचवर घेतलेले; १९७२ पासून सरसकट नेट, म्हणजे हे सगळं जोडून घेतलेले. १९७१ च्या कॉर्व्हेटमधल्या ४५४ इंजिनाचे दोन्ही आकडे मिळतात: ग्रॉस ३६५, नेट २८५.