तळमजल्यावर कोब्यावर लाकडासारखी दिसणारी, फळ्या एकमेकींत अडकवून बसवायची क्लिकची फरशी (लॅमिनेट) टाकायची आहे. खाली फोम 2 मिमीचा घ्यावा की 3 मिमीचा?

फोमचं सांगते, पण तुमच्या कोब्याखाली माणसं राहतात की माती आहे? तळमजला लिहिलंय, म्हणजे मातीच. मग 2 की 3 याची काळजी सगळ्यात शेवटी करा.

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याचं. माजघरात सारवलेली जमीन होती, ती काढून तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये चार इंचांचा कोबा केला. धाकटे दीर ठाण्याला सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या हॉलमध्ये 8 मिमीचं लॅमिनेट आहे आणि दिसतंही झकास. बसवणारा माणूस त्यांनीच पाठवला आणि मे संपायच्या आत फरशी बसलीसुद्धा. मी म्हटलं, "भावजी, इतक्यात?" तर म्हणे, "28 दिवस होऊन गेले ना वहिनी, सिमेंट पक्कं झालं."

पक्कं झालं हो, पण सुकलं कुठे? 28 दिवसांचा हिशेब ताकदीचा असतो. ओल निघून जायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरतात, तोही कोरड्या हवेत. चार इंचांना चार महिने झाले, आणि आमच्याकडे दोन आठवड्यांत मृग लागला.

बरं, खाली प्लास्टिकही नाही, नुसता फोम. म्हणे, "फोम असताना आणखी प्लास्टिकचा खर्च कशाला?" शिवाय फट वाईट दिसते म्हणून फळ्या चारी बाजूंनी भिंतीला भिडवलेल्या, फुगायला जागाच नाही. (फट झाकायलाच तर भिंतीच्या पायथ्याची पट्टी, स्कर्टिंग असतं!)

जुलैत फळ्यांचे जोड तळपायाला लागायला लागले. ऑगस्टमध्ये खोलीच्या मधोमध फुगवटा आला. त्यावर पाय दिला की तो खाली जायचा आणि उचलला की चप् असा आवाज. गणपतीत चौरंग डुगडुगायला लागला, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. आरतीला आलेल्या पंधरा माणसांसमोर भावजी हसत म्हणाले, "वहिनी ओल्या फडक्यानं पुसतात ना, त्याचं हे फळ." तेव्हापासून दर लग्नात, दर बारशाला हेच.

दिवाळीआधी फरशी उचलली तेव्हा मी स्वतः उभी होते. फोमच्या खालच्या अंगाला थेंब लोंबत होते. फळ्यांचं वरचं तोंड जसंच्या तसं, पाठ मात्र काळी, बुरशीनं ठिपकेदार, आणि कड बोटानं चोळली तर भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटत होती. पाणी मातीतून चढलं, कोब्यातून आलं, वाट मिळेना म्हणून लाकडाच्या भुशाच्या त्या फळीत शिरलं. भावजींच्या सातव्या मजल्याच्या स्लॅबखाली शेजाऱ्यांचा कोरडा हॉल आहे, तिथे असं कशाला होईल?

तर तुम्ही आधी दोन फूट चौकोनी प्लास्टिक कोब्यावर चारी कडांनी टेप लावून चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालून दव दिसलं किंवा कोबा काळपट पडला तर थांबा. ही परीक्षा शिमग्याला करू नका, तेव्हा सगळेच पास होतात. श्रावणात करा. पास झालात तरी फोमखाली 200 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथराच. दोन पट्टे एकमेकांवर आठ इंच चढवून टेप मारा आणि कडा भिंतीवर थोड्या वर घ्या. भिंतीशी, दाराच्या चौकटीशीसुद्धा, 10 मिमी फट सोडा. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नको. दाराचा स्टॉपर फळीतून आरपार स्क्रू केलात तर ती खिळली, मग जोड दुसरीकडे कुठेतरी उघडतात. सहा फुटी सरळ पट्टी ठेवून खाली 3 मिमीपेक्षा जास्त पोकळी दिसली तर आधी कोबा सपाट करून घ्या, जाड फोमवर भागवू नका. जाड मऊ फोमवर फळी लवते आणि क्लिकचे दात तुटतात. म्हणून 2 मिमी.

माझं विचाराल तर कोकणात तळमजल्याला लॅमिनेट टाकूच नये. आमच्याकडे आता साधी सिरॅमिक लादी आहे. लाकडासारखंच दिसायला हवं असा हट्ट असेल तर एसपीसी घ्या. ते चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिकचं असतं, पाण्यानं फुगत नाही. मात्र खाली ओल कोंडली तर वास येतो, त्यामुळे प्लास्टिक त्यालाही घाला. तुम्ही देशावर असाल आणि कोबा जुना, कोरडा असेल तर माझं बोलणं निम्म्यावर आणा.

आणि हो, लॅमिनेट ओल्या फडक्यानं पुसू नयेच. सुरुवातीचे दहा-बारा दिवस मीही पुसलं होतं, घट्ट पिळून. तरी त्या फळीचा हातभर तुकडा मी माळ्यावर ठेवलाय. यंदा भावजी गणपतीला चार दिवस आधी येणार आहेत.