फ्रँचायझी फीमध्ये ट्रेनिंग धरलेलं असलं तरी वेगळे पैसे ठेवावे लागतात का?

तुम्ही कोल्हापुरातल्या राजारामपुरीत फिटनेस स्टुडिओची फ्रँचायझी घेताय, आणि ट्रेनिंग फीमध्येच आहे असं कंपनी म्हणते. तरीही वेगळे पैसे लागतात. फीमध्ये असतं ते फक्त शिकवणं. जाणं-येणं, राहणं, जेवण आणि त्या काळातले पगार तुमच्याच खिशातून जातात.

हिशेब मांडतो. आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. ट्रेनिंग पुण्यात, दहा रात्री, माणसं चार: तुम्ही, दोन ट्रेनर आणि फ्रंट डेस्कची मुलगी. खोल्या तीन लागतात; खोलीला रोजचे १,५०० धरले तर ४५,०००. जेवण-चहा माणशी रोज ४००, म्हणजे अकरा दिवसांचे १७,६००. प्रवास आणि रिक्षा मिळून १०,०००. झाले ७२,६००. ट्रेनरला २२,००० आणि डेस्कला १४,००० पगार धरला, तर महिन्याचे ५८,०००. माणसं उद्घाटनाच्या दीड महिना तरी आधी घ्यावी लागतात, म्हणजे ८७,०००. एकूण १,५९,६००.

जीएसटीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. फ्रँचायझी आणि ट्रेनिंगच्या बिलावर १८ टक्के लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वजा करायची सोय, बंद झालं. त्यामुळे बिलावरचा १८ टक्के वळता होत नाही, तो थेट खर्चच. जुन्या करदरांवर केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट हातात आला, तर हा आकडा आधी तपासा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते तारखेमुळे. फर्निचर-फ्लोअरिंग लांबतं, ट्रेनिंग मात्र ठरल्या दिवशी उरकतं, आणि स्टुडिओ उघडेपर्यंत शिकलेलं विसरलेलं असतं. आपल्याकडे चांगले ट्रेनर तालमीतून किंवा बॉडीबिल्डिंगच्या जिममधून येतात. एकेकाला सेट-रेप्स सांगण्यात ते पक्के असतात. ग्रुप क्लासचं काम वेगळं: चाळीस सेकंद व्यायाम, वीस सेकंदांत बारा जणांनी स्टेशन बदलायचं, कोपऱ्यात स्क्वॉट मारणाऱ्या ताईंचा गुडघा आत वळतोय तो दुरुस्त करायचा, आणि त्याच श्वासात माइकवर पुढचा व्यायाम सांगायचा. हे हाताखालून गेल्याशिवाय येत नाही. म्हणून मशिनरी बसायची तारीख पक्की झाल्यावरच ट्रेनिंगची तारीख घ्या, आणि परतल्यावर स्वतःच्या जागेत आठवडाभर ओळखीच्या लोकांच्या मोफत बॅचेस चालवा. जागा कुठे कमी पडते, घाम सांडून फरशी कुठे निसरडी होते, हे तेव्हाच कळतं.

ट्रेनर सोडून जाणारच, हे धरून चाला. बदली माणूस एकटा जाणार, त्याला स्वतंत्र खोली लागणार; त्याचा जाण्या-राहण्या-जेवणाचा खर्चच वरच्या हिशेबाने साधारण २२,००० होतो, शिवाय कंपनीची फी वेगळी. बाँड, म्हणजे मध्येच सोडल्यास खर्च भरून देईन असं ट्रेनरकडून लेखी, घ्यायचा तर खरा झालेला खर्च लिहा आणि वर्षभरात तो महिन्यागणिक कमी होत शून्यावर येईल असा करा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, त्यामुळे दोन-तीन लाखांच्या धाकाला फारसा अर्थ नसतो. मूळ सर्टिफिकेटं तर कुणाचीच ठेवून घेऊ नका.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. करारात लिहिलेलं तेवढंच तुमचं. टोकन देण्याआधी एवढं लेखी घ्या: किती जणांचं ट्रेनिंग फीमध्ये आहे, परीक्षेत नापास झाल्यास फेरपरीक्षेचे किती, पहिल्या वर्षातल्या बदली ट्रेनरचे किती, आणि उद्घाटनाला मास्टर ट्रेनर कोल्हापुरात आला तर त्याचं तिकीट-हॉटेल कुणाकडे.