बेल मिळाली, पण जामीनदार मिळेना

प्रश्न : माझा मावसभाऊ गवंडीकाम करतो, घरफोडीच्या केसमध्ये आत आहे. जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला तरी अजून तो आतच. कोर्टाने २५ हजारांचा जामीनदार सांगितला, मामांचा सातबारा दिला तर म्हणे जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. आता इथला माणूस कुठून आणायचा?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला १९७८ ची मोतीराम केस आठवली, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) मोतीराम पण गवंडीच. मध्य प्रदेशातला. सुप्रीम कोर्टाने जामीन दिला पण खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला, म्हणजे अगदी तुमचीच स्टोरी. न्या. कृष्ण अय्यर यांनी दोन्ही गोष्टी चूक ठरवल्या आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर (म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडलं. तेव्हा जिल्हा वेगळा एवढ्या एका कारणावर कुणी अडवत असेल तर वकिलांना ही केस दाखवायला सांगा, बऱ्याचदा ती कुणी काढतच नाही.

दुसरं, जामीन मिळूनही माणूस ७ दिवसांत सुटला नाही तर जेल सुपरिंटेंडेंटने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना कायद्याची मोफत मदत देणारं सरकारी ऑफिस) कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करता येते का ते बघायचं, असं सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. तुमचा दीड महिना झालाय. पण स्वतःहून होईल म्हणून वाट बघत बसू नका हो, अट बदलून जातमुचलका किंवा रोख जामीन द्या असा अर्ज करा. वकील परवडत नसेल तर प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, वकील फुकट मिळतो. गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम भरायला केंद्राची एक योजना पण आहे, कच्च्या कैद्यासाठी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही) २०२३ मध्ये ४० हजारांपर्यंत मर्यादा होती, काही गंभीर गुन्हे सोडून. त्याची चौकशी तिथेच करा.

आणि चार्जशीट कधी आली ते तुम्ही लिहिलं नाहीये. घरफोडीच्या कलमांवर बघावं लागेल, पण १० वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर साधारण ६० दिवसांत चार्जशीट यायला हवी, नाही आली तर जामीन हा हक्कच होतो, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोंडी मागितला तरी चालतो असं सांगितलं. मात्र मागायच्या आधी चार्जशीट दाखल झाली तर तो मुद्दा गेला. तुमच्या केसमध्ये जामीन मिळालाच आहे म्हणून त्यात अडकू नका, पण दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात त्याचं नाव घातलंय का हे वकिलांना नक्की विचारा, नाहीतर इकडे जामीनदार उभा राहील आणि तिकडे दुसऱ्या केसमुळे तो आतच राहील.