'हलवला जाऊ शकतो' की 'हलवता येतो'?

लिनक्स कर्नलमधील (म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील) केव्हीएम या, व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकातला आभासी संगणक चालवू देणाऱ्या, सुविधेच्या दस्तऐवजाचा मराठी मसुदा तपासणाऱ्या एका वाचकांनी एका वाक्याविषयी विचारले आहे. व्हर्च्युअल मशीनला मेमरी जोडून देणाऱ्या 'केव्हीएम सेट यूजर मेमरी रीजन' या कॉलच्या (प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या विनंतीच्या) वर्णनातले ते वाक्य असे आहे: 'आधीचा स्लॉट गेस्टच्या मेमरीत दुसरीकडे हलवला जाऊ शकतो, परंतु त्याचा आकार बदलला जाऊ शकत नाही.' (गेस्ट म्हणजे ते व्हर्च्युअल मशीन, आणि स्लॉट म्हणजे त्याला जोडून दिलेला मेमरीचा एक भाग.) हे वाक्य बरोबर आहे का, आणि उत्तरार्धात 'आकार बदलू नये' असे लिहिलेले चालेल का, असा प्रश्न आहे.

व्याकरणात वाक्य चुकलेले नाही, पण त्याचा पूर्वार्ध वाचणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेतो. 'गाडी उशिरा येऊ शकते' म्हटले की आपण शक्यता समजतो, परवानगी नव्हे. त्यामुळे 'स्लॉट हलवला जाऊ शकतो' हे वाचून प्रोग्रामरचा असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे की कर्नल आपल्या मर्जीने केव्हाही स्लॉट हलवील आणि त्यासाठी आपण तयार राहिले पाहिजे. प्रत्यक्षात हलवण्याचा अधिकार कॉल करणाऱ्याचा आहे, आणि ते 'हलवता येतो' या रचनेतून नेमके कळते. आपल्या कायद्यांच्या मराठीत 'राज्य शासनास नियम करता येतील' असे लिहितात, ते अधिकार दाखवण्यासाठीच. 'जाऊ शकतो' ही रचना टाकाऊ मात्र नाही: होस्टवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ संगणकावर) मेमरी कमी पडली तर गेस्टची पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, जाऊ शकतात, या वाक्यात ती अगदी चपखल बसते, कारण ती घटना वापरणाऱ्याच्या हाती नसते.

आता 'बदलू नये'विषयी. मूळ इंग्रजीत इथे 'मे नॉट' आहे. 1997 सालच्या आरएफसी 2119 या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात मस्ट, शुड, मे इत्यादी शब्दांचे अर्थ ठरवून दिले आहेत, पण त्यांत 'मे नॉट' नाही, आणि तो इंग्रजीतही मनाई व शक्यता या दोन्हींकडे झुकतो. म्हणून इंग्रजी शब्दाकडे न पाहता कर्नल काय करतो ते पाहावे, हे माझे ठाम मत आहे. आधीच्या स्लॉटचा आकार बदलून पाठवला तर कर्नल ती विनंती ई-इन्व्हॅल ही एरर देऊन नाकारतो. म्हणजे ती गोष्ट होतच नाही, आणि त्यासाठी 'बदलता येत नाही' हेच योग्य आहे. 'नये' तिथे राखून ठेवावे जिथे कर्नल अडवत नाही, पण परिणाम भोगावा लागतो. स्लॉटमागची जागा होस्टच्या प्रोग्रामने मध्येच अनमॅप केली, म्हणजे त्या पत्त्यावरची मेमरी काढून घेतली, तर त्या क्षणी कोणी हरकत घेत नाही. गेस्टने तो पत्ता वापरला की मग व्हर्च्युअल मशीन चालवणारा कॉल ई-फॉल्ट ही एरर घेऊन परत येतो. म्हणून 'स्लॉट असेपर्यंत ती जागा अनमॅप करू नये' हे वाक्य बरोबर आहे.

मसुद्यात याहून जपून तपासावे असे रूप म्हणजे 'असावा'. विध्यर्थातून कर्तव्य, इच्छा, योग्यता, तर्क असे अनेक अर्थ निघतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत, आणि तांत्रिक लेखनात नेमके तेच नडते. याच वर्णनात इंग्रजी 'शुड' वापरून म्हटले आहे की स्लॉटचा क्रमांक कमाल संख्येपेक्षा कमी असावा. पण तो तसा नसला तर कॉल फसतो, तेव्हा मराठीत 'कमीच असला पाहिजे' असे लिहावे लागेल. याउलट गेस्टचा भौतिक पत्ता आणि होस्टमधील पत्ता यांचे खालचे 21 बिट सारखे ठेवण्याविषयी जे सांगितले आहे ती खरोखरच शिफारस आहे: 21 बिट म्हणजे 2 एमबी, आणि ते जुळले तर गेस्टच्या मोठ्या पेजमागे होस्टचेही मोठे पेज देता येते. न जुळले तरी मशीन चालते, फक्त हा लाभ मिळत नाही. इथे 'असावेत' एवढ्यावर न थांबता 'शिफारस' हा शब्द घालावा. इंग्रजीत असे शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) लिहून त्यांचे वजन वाढवता येते. 2017 च्या आरएफसी 8174 ने तर ठरावीक अर्थ मोठ्या लिपीतल्या शब्दांपुरताच मर्यादित केला. देवनागरीत ती सोय नसल्यामुळे सगळा भार क्रियापदावर पडतो.

तेव्हा हा उतारा मी असा लिहीन (त्यातले फ्लॅग म्हणजे स्लॉटचे पर्याय दाखवणाऱ्या खुणा): 'आधीचा स्लॉट गेस्टच्या भौतिक मेमरीत दुसरीकडे हलवता येतो किंवा त्याचे फ्लॅग बदलता येतात, परंतु त्याचा आकार बदलता येत नाही. स्लॉट काढून टाकण्यासाठी मेमरीचा आकार शून्य द्यावा लागतो. दोन स्लॉट गेस्टच्या भौतिक पत्त्यांत एकमेकांवर येता कामा नयेत. तसे आढळल्यास कॉल नाकारला जातो. दोन्ही पत्त्यांचे खालचे 21 बिट सारखे ठेवावेत, अशी शिफारस आहे.'