व्हिसा नाकारला गेला त्या वर्षी काय करायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे गाणं शिकायला मिळालेला प्रवेशही गेला आणि "आता सगळं संपलं" असं तू लिहिलंस. तुझं दुःख मला कळतं. पण संपलेलं काहीच नाही. रशियन ऑपेरा गायिका गालिना विश्नेव्स्कायाचं १९६२ साल तुला माहीत असायला हवं.

इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 'वॉर रिक्वीयम' या मृतांसाठीच्या प्रार्थनारचनेतला सोप्रानोचा, म्हणजे उंच स्त्री-आवाजाचा भाग तिचाच आवाज कानात ठेवून लिहिला होता. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलशेजारी नवं कॅथेड्रल उभं राहिलं होतं, त्यासाठीची ही रचना. इंग्लिश टेनर (उंच पुरुष-आवाज), जर्मन बॅरिटोन (मधला पुरुष-आवाज) आणि रशियन सोप्रानो एकत्र गाणार, हाच त्या रचनेचा अर्थ. सोव्हिएत सरकारने गालिनाला जाऊच दिलं नाही. ३० मेला तिच्या जागी हेदर हार्पर गायली, जेमतेम दहा दिवसांत भाग बसवून.

पुढच्या जानेवारीत लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये ध्वनिमुद्रण होतं, तिथे मात्र गालिना पोहोचली. दोन्ही पुरुष गायक पुढे आणि आपल्याला कोरसबरोबर, म्हणजे समूहगायकांबरोबर उभं केलंय, हे पाहून तिला तो अपमान वाटला. ती जमिनीवर पडून किंचाळली, असं निर्माता जॉन कल्शॉने लिहून ठेवलंय. खरं तर रचनेतच तशी विभागणी आहे. पुरुष विल्फ्रेड ओवेनच्या युद्धकविता इंग्रजीत गातात, तर सोप्रानो आणि कोरस लॅटिन प्रार्थना. तिची जागा कोरसपाशीच होती. नंतर ती जे गायली ते तू ऐकच. 'लाक्रिमोसा' या भागात तिचा आवाज कोरसच्या वर कसा तरंगतो ते कान देऊन ऐक. आणि एक सवय आत्तापासून लावून घे. फक्त आपली ओळ पाठ करू नकोस, पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्यांची स्वरलिपी वाच.

तुझ्याकडे कॉन्झर्व्हेटरीची (संगीत महाविद्यालयाची) पदवी नाही याची तुला लाज वाटते. सुरुवातीला तिच्याकडेही नव्हती. लेनिनग्राडजवळच्या क्रोनश्टाटमध्ये आजीने तिला वाढवलं आणि ती आजी महायुद्धात लेनिनग्राडला पडलेल्या वेढ्यात वारली. १९४४ मध्ये मुलगी ऑपेरेटाच्या, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांच्या मंडळीत शिरली आणि गावोगावी गात फिरली. चुकीच्या शिक्षणाने तिचे वरचे सूर गेले होते, ते व्हेरा गारिना नावाच्या वृद्ध बाईंनी श्वासावर मेहनत करून घेऊन परत आणले. पुढे क्षयाने गाठलं, त्यातूनही ती उठली. १९५२ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई ऑपेरागृहाच्या निवड चाचणीत तिने व्हर्दीच्या 'आयदा' ऑपेराच्या तिसऱ्या अंकातली, नाईलकाठची आरिया (एकल गीत) निवडली. त्या आरियात शेवटाकडे वरचा सी हा अतिशय उंच सूर येतो, तो व्हर्दीला दणदणीत नको, हळुवार हवा आहे. तो सी श्वासाच्या आधाराशिवाय लागतच नाही. तुझा अजून लागत नाही, म्हणून हे वर्ष तुला मिळालंय असंच मी समजते.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन १९६१, मिलानचं ला स्काला १९६४, अशी ती गायली त्या मोठ्या ऑपेरागृहांची नावं तुला कुठेही वाचायला मिळतील. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती पुढची गोष्ट. तिने आणि नवऱ्याने, चेलोवादक रोस्त्रोपोविचने, सरकारच्या रोषात असलेल्या लेखक सोल्झेनित्सिनला आपल्या दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या घरात आसरा दिला. त्याची किंमत म्हणून कार्यक्रम आणि परदेशदौरे अडवले गेले. १९७४ मध्ये दोघांनी देश सोडला आणि १९७८ मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्याच वर्षी लंडनमध्ये, नवरा संचालन करत असताना, तिने शोस्ताकोविचच्या 'लेडी मॅकबेथ' ऑपेराची मूळ आवृत्ती ध्वनिमुद्रित केली. १९६६ च्या सोव्हिएत चित्रपटात हीच भूमिका तिने सुधारित आवृत्तीत केली होती. म्हणजे देश गेला त्या वर्षी भूमिका मात्र तिच्या गळ्यात तयार होती.

आता काम. चायकोव्हस्कीच्या 'ओनेगिन' ऑपेरामधलं, नायिका तात्यानाचं पत्र लिहिण्याचं दृश्य घे. गालिनाने ते बोल्शोईत १९५३ मध्ये गायलं, आणि १९८२ मध्ये पॅरिसमध्ये ऑपेराचा निरोपही तात्याना गाऊनच घेतला. पहिले पंधरा दिवस गाऊ नकोस. रशियन शब्द मोठ्याने वाच, प्रत्येक शब्दाचा अर्थ वहीत लिही, साथीतल्या ओबो या सुषिर वाद्याची ओळ वेगळी शिक. मग ये, मी पियानोवर बसते.

तुझी,
बाई