हात विसरलाय, डोळा नाही

प्रश्न : माझं वय ५१. कॉलेजात असताना जलरंगात निसर्गचित्रं काढायचे. मग नोकरी, संसार, मुलं. गेल्या महिन्यात माळ्यावरून जुनं सामान काढलं. ट्यूब दगड झालेल्या, तरी हट्टाने बसले. आकाश डागाळलं, सगळं चित्र गढूळ झालं आणि रडूच आलं. नवरा म्हणतो, ‘छान विरंगुळा आहे.’ मला विरंगुळा नकोय, चित्रकार म्हणून जगायचंय. नोकरी सोडू का?

उत्तर : आधी सांगा, कागदही माळ्यावरचाच होता ना? मग निम्मं रडू त्याच्या नावावर टाका. जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, म्हणून रंग वर थांबतो, फिरवता येतो. वर्षानुवर्षं दमट हवा लागली की ती खळ मरते आणि कागद जागोजागी रंग पिऊन टाकतो. तिथे भल्याभल्यांचं काही चालत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, नवा कागद आणा. ट्यूब मात्र फेकू नका. उभ्या चिरा, आतल्या खड्यावर थोडं पाणी घालून रात्रभर ठेवा. हे रंग डिंकात कालवलेले असतात, बहुतेक पुन्हा सुटतात. बुरशी दिसली तरच टाका.

उरलेलं निम्मं रडू खरं आहे. हात इतकी वर्षं थांबला, डोळा थांबला नाही. कॉलेजात जे चित्र तुम्ही मैत्रिणींना मिरवलं असतं, ते आज तुम्हाला खटकतं. म्हणून सध्या मोठी निसर्गचित्रं बाजूला ठेवा. पोस्टकार्डाएवढा कागद आणि दोनच रंग घ्या : अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). एवढ्यात फिक्या राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं निघतं, आणि गढूळ व्हायला फारसा वाव उरत नाही. कागदावरच्या पाण्याची चमक गेली पण कागदात ओल आहे, त्या वेळात ब्रश खाली ठेवा. सगळ्यात अवघड हेच आहे, हो!

नवऱ्याशी वाद घालू नका. त्यांनी तुम्हाला महिनाभरच चित्र काढताना पाहिलंय. पण रोज जेवायच्या टेबलावरून आवरून ठेवावं लागणारं काम घरच्यांना विरंगुळाच वाटणार, हळूहळू तुम्हालाही. घरातला एक कोपरा अडवा आणि पसारा तसाच राहू द्या.

राजीनामा नको. फ्रेंच चित्रकार आंरी रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी करत होता, तेव्हाच, १८८६ पासून, प्रदर्शनात चित्रं मांडत होता. नोकरी सोडली १८९३ मध्ये, ४९व्या वर्षी; पैशांची ओढाताण तरीही सुटली नाही. मग तो त्याआधी चित्रकार नव्हता? चित्रांना पहिल्याच वर्षी घरखर्च उचलायला लावलात, तर ती गिऱ्हाइकाच्या आवडीची होऊ लागतील. वर्षभराची चित्रं, फसलेलीसुद्धा, एका दिवशी भिंतीला टेकवून ओळीने बघा आणि मला लिहा. नोकरीचं तेव्हा बोलू.